कापलेला बटाटा काळा का पडतो? कमला सोहोनी आणि तांबं धरून ठेवणारी प्रथिनं

आज ॲप नाही, फोन नाही, अपडेट नाही. आज बटाटा.

मी भिवपुरीचा. मुंबईहून कर्जत लोकल पकडली की नेरळनंतर भिवपुरी रोड आणि मग कर्जत. पावसाळ्यात धबधब्यासाठी येणाऱ्या गर्दीला गाव माहीत असतं, बाकी वेळी शांत. कर्जत जवळ असल्यामुळे वड्याचं वेड आमच्याकडे घराघरात. आई भाजीसाठी बटाटा चिरते आणि लगेच पाण्यात टाकते. का, असं लहानपणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: काळा पडतो. काळा का पडतो, हे मात्र मला इंजिनिअरिंग होऊन नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. बारावीनंतर केमिस्ट्रीशी संबंध जवळजवळ संपलाच होता.

१८ जून २०२३ ला गुगल उघडलं तर डूडलमध्ये एक मराठी नाव: कमला सोहोनी. बऱ्याच जणांनी स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवला. मीही ठेवला. मग रात्री वाचत बसलो आणि एका गोष्टीपाशी अडकलो. या बाईंनी १९३०च्या दशकात केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम केलं होतं. आणि त्या कामाच्या आसपास सगळीकडे एकच धातू दिसत होता: तांबं.

आधी थोडं तांब्याबद्दल

तांबं म्हटलं की आपल्याला वायर आठवते. चार्जरच्या केबलमध्ये तांबं, मदरबोर्डवर तांबं. आमच्या भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातल्या जनित्रांच्या वेटोळ्यांत तांबं. हे वीजघर १९२२ मध्ये सुरू झालं. वर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडी धरण, तिथलं पाणी मोठ्या नळांतून घाट उतरून खाली येतं आणि टर्बाइन फिरवतं. पण वायरमधलं तांबं हा धातू झाला. पाण्यात विरघळलेलं तांबं वेगळं. तिथे तांब्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, त्याला आयन म्हणायचं. शेतकरी फवारणीसाठी मोरचूद वापरतात ना, त्याचा निळा रंग या आयनाचाच.

आता या आयनाला इलेक्ट्रॉनची ओढ असते. आणि अमिनो आम्लं, म्हणजे ज्यांची माळ ओवून प्रथिन बनतं ते छोटे रेणू, त्यांच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉनची जोडी तयार असते. अमिनो आम्लाच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. दोन्ही मिळून तांब्याला धरतात. मुठे पकडायला रात्री शेतात गेलेल्यांना ही पकड लगेच कळेल: खेकड्याची नांगी जशी दोन बाजूंनी आवळते, तसं. केमिस्ट्रीत या पकडीला दिलेलं चिलेट हे नावसुद्धा खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आलंय. सगळ्यात साधं अमिनो आम्ल म्हणजे ग्लायसीन. त्याचे दोन रेणू एका तांब्याच्या आयनाला समोरासमोरून धरतात आणि मोरचुदाचा फिकट निळा गडद निळा होतो.

लोह, निकेल, जस्त यांचे आयनही असेच धरले जातात, पण त्यांच्या तुलनेत तांब्याची पकड बहुधा जास्त घट्ट असते. त्यात काही अमिनो आम्लं तांब्यासाठी खास. हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लाला बाजूला नायट्रोजनवालं एक कडं असतं, आणि ते तांब्याला फार आवडतं. सिस्टीनमध्ये गंधक असतं, तेही तांब्याला सोडत नाही.

एक गंमत. अंड्यातल्या पांढऱ्यामध्ये कॉस्टिक सोडा आणि थोडं मोरचुदाचं पाणी घातलं की जांभळा रंग येतो. एकट्या अमिनो आम्लाने तो जांभळा येत नाही, निळाच राहतो. अमिनो आम्लं एकमेकांना जोडून साखळी झाली की त्या जोडणीतले चार नायट्रोजन तांब्याला वेढतात, तेव्हाच जांभळा. म्हणजे द्रावणात प्रथिन आहे का आणि किती आहे, हे तांबं सांगतं. या चाचणीला बाययुरेट म्हणतात. (घरी करू नका, कॉस्टिक सोडा हात भाजतो. यूट्यूबवर बघा.)

इंदूर ते बंगळूर

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही केमिस्ट, आणि दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. आज आपण त्याला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतो. लेखिका दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या सख्ख्या बहीण. आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या, त्याच. हट्ट घरातूनच आला असणार.

इथे मला आमचं वीजघर पुन्हा आठवतं. सह्याद्रीच्या पावसातून वीज काढायची आणि देशात विज्ञानाची मोठी संस्था उभी करायची, ही दोन्ही जमशेटजी टाटांची स्वप्नं. १९०४ मध्ये ते गेले. संस्था १९०९ मध्ये उभी राहिली, खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये आणि आमचं त्यानंतर सात वर्षांनी. म्हणजे ज्या डोक्यातून भिवपुरीचं वीजघर निघालं त्याच डोक्यातून बंगळूरची ती लॅब. पण लॅब उभी राहिली म्हणून दार सगळ्यांना उघडं होतं असं नाही.

१९३३ मध्ये कमला भागवत मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या, केमिस्ट्री मुख्य विषय, पहिला नंबर. बंगळूरला अर्ज केला. नाकारला गेला. कारण गुणांचं नव्हतं, मुलगी असण्याचं होतं. त्या वेळी संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळवलेले. भारतातला तेव्हाचा सगळ्यात मोठा शास्त्रज्ञ नाही म्हणतोय आणि समोर बावीसेक वर्षांची मुलगी. आपण असतो तर मेल डिलीट करून दुसरीकडे अप्लाय केलं असतं. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्या दारात सत्याग्रहाला बसल्या.

प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं. आणि तिसरी अट अशी की लॅबमधल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रोबेशन, पण फक्त एकीसाठी. ही तिसरी अट वाचून मी फोन खाली ठेवला होता. रामन यांच्याबद्दल आदर आहेच, रामन परिणाम शाळेत शिकलोय. तरी हे जसं घडलं तसंच सांगायला हवं. कमलाबाईंनाही तो अपमान शेवटपर्यंत लागून राहिला. उतारवयातसुद्धा त्यांनी ते बोलून दाखवलं.

मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. विषय बघा: गरीब माणसाच्या ताटातलं प्रथिन. वर्षभराने रामन यांनी काम पाहिलं आणि त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता दिली. त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये एम.एस्सी. झालं.

केंब्रिजचा बटाटा

मग शिष्यवृत्त्या मिळवून केंब्रिज, न्यूनहॅम कॉलेज. बायोकेमिस्ट्री विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, व्हिटॅमिनच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले. इथे कोणी दारात अडवलं नाही.

आधी त्यांनी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केलं. विषय होता प्राण्यांच्या शरीरातली फिनोलेज प्रकारची एन्झाइम आणि ॲड्रिनलिन. त्यावरचा दोघांचा शोधनिबंध १९३८ मध्ये बायोकेमिकल जर्नलमध्ये आला. फिनोलेज हे नाव लक्षात ठेवा, कारण आईचा बटाटा काळा करणारं एन्झाइम याच नावाच्या घराण्यातलं. बटाट्याच्या पेशी शाबूत असतात तेव्हा हे एन्झाइम एका कप्प्यात आणि फिनॉल नावाचे पदार्थ दुसऱ्या कप्प्यात. सुरी फिरली की भिंती फुटतात, दोघं भेटतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग तयार व्हायला लागतो. या एन्झाइमच्या पोटात तांब्याचे दोन आयन असतात आणि प्रत्येकाला तीन-तीन हिस्टिडीननी धरलेलं असतं. ऑक्सिजनचा रेणू या दोन तांब्यांच्या मधे येऊन बसतो. बटाट्यातलं हे एन्झाइम तांब्याचं आहे हे १९३७ मध्ये जर्मनीत कुबोविट्झ यांनी दाखवलं, म्हणजे जवळपास त्याच दिवसांत.

आई बटाटा पाण्यात टाकते तेव्हा हवा तुटते. लिंबू पिळलं तर अजून बरं: आंबटपणामुळे एन्झाइम मंदावतं, आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल स्वतःच तांब्याला नांगी लावतं.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. वनस्पती प्रकाशात ऑक्सिजन कसा सोडतात यावरच्या कामासाठी हिल यांचं नाव आजही पुस्तकात आहे. इथे कमलाबाईंचा मुख्य शोध लागला.

त्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आपण जेवतो, त्यातून पेशीला ऊर्जा मिळते, पण कशी? अन्नातले इलेक्ट्रॉन काढून ते एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे सरकवले जातात, आणि शेवटी ऑक्सिजनला दिले जातात. हा शब्दशः विजेचा प्रवाह आहे. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याच्या दोन बाजूंत त्यामुळे साधारण ०.१५ व्होल्टचा फरक तयार होतो. फोनच्या बॅटरीत पावणेचार व्होल्टच्या आसपास असतात, म्हणून हा आकडा किरकोळ वाटेल. पण तुम्ही हा लेख वाचताय ते याच ०.१५ वर.

या साखळीत सायटोक्रोम सी नावाचं एक छोटं प्रथिन असतं. माणसात त्यात १०४ अमिनो आम्लं. त्याच्यात तांबं नाही, लोह आहे. कर्जत-खोपोली शटलसारखं ते दोन स्टेशनांच्या मधे ये-जा करतं, एका फेरीला एकच इलेक्ट्रॉन. ज्या स्टेशनावर ते इलेक्ट्रॉन उतरवतं त्याचं नाव सायटोक्रोम ऑक्सिडेज, आणि तिथे उतरवून घ्यायला उभं असतं तांबं. दोन सिस्टीन, दोन हिस्टिडीन आणि एक मेथिओनीन अशी अमिनो आम्लं मुख्यतः मिळून तिथे तांब्याचे दोन अणू धरून असतात. आत आणखी एक तांबं, तीन हिस्टिडीनच्या पकडीत, शेजारी लोह. तिथे ऑक्सिजन येतो. शटलच्या चार फेऱ्या झाल्या, चार इलेक्ट्रॉन आले, की ऑक्सिजनच्या एका रेणूचं पाणी होतं. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या तांब्या-लोहाच्या जागेसाठी.

सायटोक्रोम हे नाव १९२५ मध्ये केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी दिलं होतं. कीटकांचे स्नायू आणि यीस्ट स्पेक्ट्रोस्कोपमधून बघताना त्यांना ठरावीक रंगांवर काळे पट्टे दिसले होते. पण झाडांचं काय? झाडं पळत नाहीत, उडत नाहीत. त्यांच्या पेशीत ही साखळी प्राण्यांसारखीच चालते का, हा प्रश्न मोकळा होता. कमला भागवत यांनी बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं. फुलझाडांमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर हिल आणि भागवत या दोघांच्या नावाने १९३९ मध्ये नेचरमध्ये टिपण छापून आलं. या ऑक्सिडेजमध्ये तांबं असावं अशी शंका त्याच सुमारास केलिन यांच्याकडे घेतली जात होती. ती पक्की व्हायला बरीच वर्षं गेली, आणि तांबं नेमकं कोणत्या अमिनो आम्लांनी धरलंय याचं चित्र स्फटिकांच्या अभ्यासातून १९९५ मध्ये मिळालं.

थोडक्यात, बटाटा, गाय आणि आपण, तिघांच्या पेशीतलं वायरिंग एकच.

पीएच.डी.चा प्रबंध फक्त चाळीस पानांचा. चौदा महिन्यांत पूर्ण. माझ्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट यापेक्षा जाड होता आणि त्यात काय होतं ते मलाच आठवत नाही.

परत, आणि आपल्या ताटाकडे

१९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबमध्ये. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न, मुंबई, आणि पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्री. हे सगळं मी भराभर सांगतोय कारण मला वालापाशी पोचायचंय.

रायगडात भात कापला की त्याच ओल्या जमिनीत वाल पेरतात. थंडीत पोपटी आणि वर्षभर बिरडं. पण वाल कोणी नुसते भाजून मूठभर खात नाही. भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, चांगले शिजवायचे. १९५५ मध्ये नेचरमध्ये कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक छोटं टिपण आलं: वाल आणि डबल बीनमधून त्यांनी असं प्रथिन स्फटिकरूपात वेगळं काढलं होतं, जे आपल्या पोटातल्या ट्रिप्सिनला अडवतं. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम. म्हणजे कच्च्या वालात प्रथिन भरपूर, पण ते पचू न देणारी सोयही सोबतच. नीट शिजवलं की तो अडथळा बराचसा निकामी होतो. आमच्या आज्यांना नेचर माहीत नव्हतं, पण सोलून शिजवायचं हे पक्कं माहीत होतं. आणि ज्यांच्या घरी मटण-अंडी रोज परवडत नाहीत त्यांच्यासाठी हा पचण्या-न पचण्याचा हिशोब साधा नाही.

नीरेवरचं त्यांचं काम जास्त प्रसिद्ध आहे. पहाटे उतरवलेली, न आंबलेली नीरा. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी सुचवल्यावर त्यांनी तो अभ्यास घेतला. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह आढळलं, आणि कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना ती दिल्यावर तब्येतीत फरक दिसला. याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आमच्या तालुक्यात कातकरी आणि ठाकूर वाड्या आहेत, त्यामुळे हे वाचताना मला ते लांबचं वाटलं नाही. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदी त्या पोचल्या, पण हक्काच्या वेळेपेक्षा काही वर्षं उशिराच. बंगळूरचं दार एकदाच ठोठावून भागलं नव्हतं.

आता तांब्याची शेवटची गोष्ट. ती कमलाबाईंची नाही, पण त्यांच्या विषयांना चिकटलेली आहे: दूध, प्रथिन, तांबं.

आपल्याकडे तान्ह्या मुलांना यकृताचा एक आजार व्हायचा, आणि बरीच मुलं दगावायची. इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉक्टर आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी १९८०च्या दशकात शोध घेतला तेव्हा आजारी मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड सापडलं. आलं कुठून? कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या गाई-म्हशीच्या दुधातून. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. अशा भांड्यातलं साधं पाणी फार तांबं उचलत नाही, दूध उचलतं, कारण दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला धरतं. तीच नांगी. प्रत्येक मूल आजारी पडलं नाही, त्यामुळे अंगातला काही दोषही असणार. पण पितळी भांडी स्वयंपाकघरातून गेली, स्टील आलं, आणि आजार जवळजवळ दिसेनासा झाला. माझ्या आजीकडे पितळी पातेली होती आणि कल्हईवाला आला की ती सगळं काम टाकून बाहेर यायची. मला वाटायचं चमक यावी म्हणून.

यावरचं उलटं औषधही अमिनो आम्लच. विल्सन नावाच्या आनुवंशिक आजारात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी त्यावर पेनिसिलामीन द्यायला सुरुवात केली. सिस्टीनसारखं दिसणारं हे अमिनो आम्ल तांब्याला पकडतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं.

म्हणून तांब्याच्या बाटल्यांचे फॉरवर्ड वाचताना एवढं लक्षात ठेवा: पाणी ठीक, पण त्यात दूध, ताक, लिंबूसरबत भरू नका.

असे साधे, वापरातले प्रश्न कमलाबाईंनी निवृत्तीनंतरही सोडले नाहीत. कंझ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या त्या संस्थापक सदस्यांपैकी, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही होत्या. संस्थेच्या कीमत या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहायच्या. केंब्रिजच्या डॉक्टर, आणि विषय तुम्ही-आम्ही दुकानातून आणतो त्या वस्तूंचा.

१९९८ मध्ये दिल्लीत इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्याच कार्यक्रमात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, २८ जूनला, गेल्या.